दुसऱ्या बाजूचा रणगाडा

माझ्या पुस्तकांच्या कपाटात उर्दू शब्दकोशांच्या पुढे जी चार बोटे जागा उरते, तिथे दोन रणगाडे उभे आहेत. एक शर्मन, दुसरा पॅटन. दोन्ही प्लॅस्टिकचे, दोन्ही मी स्वतः जोडलेले आणि रंगवलेले. शर्मनच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे आहेत, निशाणी आहे. पॅटनच्या अंगावर काहीच नाही. घरी येणारे विचारतात, "सर, हा अर्धवट का ठेवला?" मी सांगतो, वेळ मिळाला नाही. हे खरे नाही. जे खरे आहे ते मला स्वतःलाही नीट उमगलेले नव्हते, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. राहतो नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. नगरच्या माणसाला रणगाडा नवा नाही. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, के. के. रेंजवरच्या सरावाचे धमाके आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय तर शाळेच्या सहलींचे ठरलेले ठिकाण आहे. तिथे मुले रणगाड्यापाशी गेली की पहिल्यांदा हात लावतात आणि मग विचारतात, "सर, यात शिरतात कुठून?" मलाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता.

रणगाडे जोडण्याचा नाद मात्र मला माझ्या मामेभावाने लावला. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे ही मोठ्या माणसांची करमणूक आहे. शनिवारी संध्याकाळी एखाद्या हॉलमध्ये पाच-दहा जण जमतात, टेबलावर डोंगर, नद्या, गावे मांडतात, आपापल्या छोट्या फौजा उतरवतात, मोजपट्टीने अंतर मोजत आणि फासे टाकत लढाई खेळतात. फौजा बाजारात तयार मिळत नाहीत, निदान शौकिनाला तशा नको असतात. पेटीत सुटे भाग येतात, ते स्वतः जोडायचे आणि रंगवायचे. काही जण तर खेळतच नाहीत, नुसते रंगवतात.

माझ्या भावाने दोन पेट्या आणल्या. प्रमाण १:७२. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. खरा शर्मन पावणेसहा मीटरच्या थोडा वर लांब, तो आठ सेंटिमीटरचा होतो. पेटी उघडली की प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभरेक भाग दिसतात. एकेक भाग कापून काढायचा, कापल्याची खूण कानशीने घासायची, बारीक ब्रशने पातळ गोंद लावून जोडायचा. मग अस्तराचा रंग, मग हिरवा. इथपर्यंत कोणालाही जमते. खरी कला पुढे आहे. नवा कोरा रणगाडा खोटा दिसतो. म्हणून पातळ तपकिरी रंग सांध्यांत सोडतात, तो खाचांत उतरतो आणि सावली पडल्यासारखे दिसते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंगाचा नुसता हात फिरवतात. स्पंजच्या तुकड्याने टिपके देऊन रंग उडाल्याचा भास आणतात. धूळ दाखवायला तिकडे खास पावडर मिळते. मी वर्गातला तपकिरी खडू किसून वापरला. पट्ट्यांवर चिखल, धुराड्याजवळ काजळी, डब्याच्या झाकणाखाली गंजाचा ओघळ. हे करताना दोन-दोन तास कसे जातात कळत नाही. पेपर तपासताना असे कधी झाले नाही, हे कबूल करतो.

एका रात्री असाच गंज रंगवत असताना मनात आले की, मी या यंत्राचा चिखल रंगवतो, गंज रंगवतो, उडालेला रंग रंगवतो, म्हणजे युद्धाच्या सगळ्या खुणा रंगवतो. फक्त एक खूण कोणी रंगवत नाही. रक्ताचा लाल रंग या छंदाच्या डबीत जवळजवळ नसतोच. वाईट अभिरुची समजतात ती. गंज ही सुरुची, रक्त ही कुरुची! यात काही तरी चुकते आहे असे वाटले, पण ब्रश खाली ठेवला नाही.

"युद्धाच्या खेळण्यांनी मुले हिंसक होतात" हा आक्षेप मी बाजूला ठेवतो. बारा वर्षे मुलांत काढल्यावर माझे मत असे आहे की मैदानात काठीची बंदूक करून 'ठो' करणारा मुलगा पुढे बहुतेक वेळा बँकेत नाही तर दुकानात बसतो. माझा प्रश्न वेगळा आहे. हा खेळ आपल्याला काय शिकवतो आणि काय विसरायला लावतो?

खेळाचे मूळ प्रशियात आहे. तसे बुद्धिबळाचे हत्ती-घोडेही फौजच आहेत, आणि बुद्धिबळ खेळावे की नाही यावर आपल्या इमामांचे मतभेदही जुने आहेत. पण नकाशावर खऱ्यासारखी लढाई खेळायची पद्धत प्रशियातल्या राइसविट्झ बाप-लेकांनी घडवली. बापाने १८१२ साली ती राजाला दाखवली. मुलगा लष्करात अधिकारी होता, त्याने १८२४ साली तिचे पक्के नियम केले. एक बाजू निळी, एक लाल. दोन्हींच्या मध्ये पंच. नशिबाचा भाग फाशांवर. समोरच्याच्या हालचाली तुम्हाला लढाईत जितक्या दिसल्या असत्या तितक्याच पंच सांगणार. प्रशियाच्या सेनाप्रमुखाला हा खेळ इतका पटला की तो पलटणींत शिकवला जाऊ लागला. यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एकाच फौजेतल्या निम्म्या अधिकाऱ्यांना शत्रू व्हावे लागे. मनापासून शत्रू व्हावे लागे, नाही तर दुसऱ्या निम्म्यांचे शिक्षणच होणार नाही.

हाच खेळ घरच्या जमिनीवर आणला एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. १९१३ साली त्याने 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. खेळण्यातले शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेने लाकडी काडी मारून ते पाडायचे. वेल्सचे म्हणणे असे की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती इथे भागवावी, मोठ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे. आपल्यालाही हे पटण्यासारखे आहे. पण याच वेल्सने दहा वर्षे आधी, १९०३ साली, एका कथेत लोखंडी चिलखताची, खंदक ओलांडणारी युद्धयंत्रे कल्पिली होती, आणि सोमच्या रणभूमीवर १५ सप्टेंबर १९१६ रोजी खरे रणगाडे पहिल्यांदा उतरले. 'लिट्ल वॉर्स' छापून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच महायुद्ध पेटले आणि खेळातल्या युद्धाची महती सांगणाऱ्या वेल्सने, हे युद्ध सगळी युद्धे संपवील असे सांगत खऱ्या युद्धाची बाजू घेतली. मी त्याला ढोंगी म्हणत नाही. माणसाच्या एकाच डोक्यात रणगाडाही असतो, खेळही असतो आणि शांतीही असते, एवढेच.

आता त्या पॅटनकडे येतो.

भावाने दोन पेट्या आणल्या त्या विचारपूर्वक. त्याला असल उत्तरची लढाई खेळायची होती. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ. पाकिस्तानकडे नवे अमेरिकन पॅटन. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, आणि डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे होते दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करत होते अलिबागला जन्मलेले अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. आपल्या सैन्याने कालवे फोडून शेतांत पाणी सोडले होते. उंच उसात आणि चिखलात पॅटन रुतले, आणि दबा धरून बसलेल्या आपल्या तोफांनी आणि रणगाड्यांनी त्यांना टिपले. भारतीय नोंदींनुसार तिथे पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले.

दिवाळीची सुट्टी होती. आम्ही अम्मीच्या तख्तावर हिरवी चादर अंथरली. खाली पुस्तके सारून उंचवटे केले. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापून ऊस लावला. (इंग्लंडातले शौकीनही शेते अशीच करतात, हे ऐकून माझ्या पत्नीला आपले पायपुसणे गेल्याचे दुःख थोडे कमी झाले.) बाकीच्या रणगाड्यांच्या जागी काड्यापेट्या. मग भावाने नाणे उडवले आणि पॅटन माझ्याकडे आले.

खेळ सुरू होणार इतक्यात अम्मी चहा घेऊन आली. "कौन क्या बना?" तिने विचारले. भावाने हसत सांगितले, भाईजान पाकिस्तान. अम्मीने चहा खाली ठेवला, रस्त्याकडच्या खिडकीकडे पाहिले आणि म्हणाली, "पहले परदा खींच रे."

मी उठलो आणि पडदा ओढला.

भावाला काही कळेना. त्याच्या क्लबात एक पोस्टमास्तर आहे, तो वीस वर्षे जर्मनांकडूनच खेळतो. त्याच्याकडे हिटलरच्या फौजेचे चाळीस रणगाडे आहेत, क्रूसाच्या चिन्हासकट. तो जर्मनधार्जिणा आहे असे कोणाला वाटत नाही. त्याचा बाप त्याच जर्मनांशी लढला होता. या छंदात तर सगळ्यांत लाडका रणगाडा जर्मनांचा टायगर आहे. खरे टायगर जेमतेम साडेतेराशे बनले, शर्मन जवळजवळ पन्नास हजार. तरी शौकिनाच्या फळीवर पाहावे तर टायगर हवाच. जर्मनीत नाझी चिन्ह उघड दाखवायला कायद्याची बंदी आहे, त्यामुळे तिथे विकायच्या पेटीवर स्वस्तिक छापत नाहीत. पण रणगाडा जोडायला कोणाची ना नाही. शत्रूचा रणगाडा रंगवायला इंग्रज माणसाला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि मी? मी नगरमधल्या एका घरात आठ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकसाठी पडदा ओढला. हेही सांगितले पाहिजे की खिडकीबाहेर कोणी नव्हते. समोरचे देशमुख काका दिसले असते तर तेही येऊन खेळायला बसले असते, असा माणूस आहे तो. भीती त्यांची नव्हती. ती आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून राहते. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी ती दिवाणखान्यात येऊन बसते, एरवी आतल्या खोलीत असते.

खेळ सुरू झाला. नियम सोपे होते. रणगाडा किती चालला ते मोजपट्टीने मोजायचे, नेम लागला का ते एका फाशावर, चिलखत भेदले का ते दुसऱ्यावर. भेदले तर काळा रंग दिलेला कापसाचा बोळा त्या रणगाड्यावर ठेवायचा, तो धूर. तासाभरात माझे निम्मे पॅटन कापसाखाली गेले. भाऊ थांबला आणि म्हणाला, "भाईजान, तुम्ही खेळत नाही आहात."

"का? नियमाप्रमाणेच तर खेळतोय."

"ऊस टाळून उजवीकडून जाता येतं हे तुम्हाला मघाशीच दिसलं होतं. तरी तुम्ही सगळे रणगाडे उसात घातले. इतिहासात ते चुकले म्हणून तुम्ही पण चुकायचं? तुम्ही मुद्दाम हरताय."

तो बरोबर बोलत होता. मी मुद्दाम हरत होतो. पडदा ओढलेल्या खोलीत, अम्मी आणि मामेभाऊ यांच्याखेरीज कोणी पाहत नसताना, मी कोणाला तरी पुरावा देत होतो. तो पुरावा कोणी मागितलेला नव्हता. हरण्याचे मला इतके वाईट कधी वाटले नव्हते. आणि हे देशप्रेमही नव्हते. मी नीट खेळलो असतो तरच भावाच्या शर्मनचा कस लागला असता, तरच कळले असते की त्या तीन दिवसांत डेक्कन हॉर्सच्या माणसांनी किती अवघड काम केले. प्रशियाच्या अधिकाऱ्यांना जे दोनशे वर्षांपूर्वी कळले होते ते मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या बाजूला मनापासून बसता येणे ही आपल्या बाजूशी बेइमानी नसते. समोरच्याला मूर्ख मानून जिंकणारा काहीच शिकत नाही. मुद्दाम हरणारा तर खोटेच बोलत असतो.

मग मी वाचायला लागलो. १९४५ साली ब्रह्मदेशात मिक्तिलाच्या लढाईत दोन जुन्या रेजिमेंट एकाच ब्रिगेडमध्ये, एकाच बनावटीचे शर्मन घेऊन जपान्यांशी लढल्या. एक डेक्कन हॉर्स, दुसरी प्रोबिन्स हॉर्स. दोन वर्षांनी देश फाळला गेला. डेक्कन हॉर्स इकडे राहिली, प्रोबिन्स हॉर्स तिकडे गेली. फौजेची वाटणी घरच्या वाटणीसारखीच झाली. तुकड्या वाटल्या गेल्या, मेसमधली चांदीची भांडीसुद्धा वाटली गेली. १९६५ साली शर्मन दोन्ही देशांच्या फौजांत होते. कपाटातले माझे दोन्ही रणगाडे एकाच डबीतल्या हिरव्या रंगाने रंगवले आहेत. फरक फक्त चिन्हांचा, आणि ती पाण्यात भिजवून चिकटवायची एक पातळ पापुद्रा असते.

भावाने एक तिसरी, छोटी पेटीही आणली होती. जीप आणि तिच्यावर बसवायची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. वाचकांना कळले असेल. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा अब्दुल हमीद. फोर ग्रेनेडियर्समधला हवालदार. असल उत्तरला अशाच जीपवरून त्याने पॅटन फोडले, १० सप्टेंबरला तो मारला गेला आणि त्याला परमवीर चक्र मिळाले.

आमच्या शाळेत १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला एक तरी मुलगा अब्दुल हमीदवर भाषण करतो. भाषण बहुतेक वेळा मीच लिहून देतो. त्या रात्री जीप जोडताना पहिल्यांदा विचार केला की आपण या माणसाला नेहमी बाहेर काढतो ते कशासाठी? दाखला म्हणून. रेशनकार्ड, आधारकार्ड, अब्दुल हमीद. जो माणूस मेला त्याचे आपण प्रमाणपत्र करून टाकले. त्याला भीती वाटली असेल का, तहान लागली असेल का, त्याच्या जीपमध्ये आणखी कोण होते, हे भाषणात कधी येत नाही. जीपला चिलखत नसते. पुढे एक काच, बाकी कापड. या तोफेचा धक्का बसत नाही, कारण स्फोटाचा निम्मा जोर मागून निघून जातो. पण म्हणूनच प्रत्येक गोळ्याबरोबर मागे आगीचा लोळ आणि धुळीचा लोट उठतो, आणि शत्रूला नेमकी जागा कळते. मारायचे आणि शत्रूने नेम धरायच्या आत जागा बदलायची. पुन्हा मारायचे. हे मला भाषण लिहिताना माहीत नव्हते, पेटीतला पावणेपाच सेंटिमीटरचा नळकांडा जोडताना कळले. छंदाचे हे देणे मी नाकारत नाही. वस्तू हाताने करून पाहिल्यावर तिच्याजवळ बसलेल्या माणसाचे संकट समजते.

पण खेळाच्या नियमपुस्तकात त्या जीपची किंमत अगदी थोडे गुण आहे. एका पॅटनच्या गुणांत चार-पाच जीप येतात. भाऊ ती सहज पुढे घालतो. गेली तर गेली.

म्हणजे खेळ शत्रूच्या खुर्चीत बसायला शिकवतो, हे मी मान्य करतो. पण एक जागा अशी आहे जिथे तो कोणालाच बसवत नाही. आमच्या चादरीवर खेमकरण गाव होते, पुठ्ठ्याच्या सहा घरांचे. खरे खेमकरण पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात गेले आणि ताश्कंद करारानंतर परत मिळाले. तिथे राहणाऱ्यांचे त्या काळात काय झाले? आमची सहाही घरे रिकामी होती. टेबलावरची सगळ्या जगातली घरे रिकामी असतात. ती आडोशासाठी असतात, मागे रणगाडा लपवायला. ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला फासा मिळत नाही.

याचा एक दाखला इतिहास शिकवणाऱ्याला टाळता येत नाही. १३ एप्रिल १९१९ला जनरल डायर अमृतसरच्या जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा त्याच्यासोबत दोन चिलखती मोटारी होत्या, मशीनगन बसवलेल्या. बागेत जायची गल्ली अरुंद होती. मोटारी आत शिरेनात, म्हणून त्या बाहेर ठेवून तो पायदळ घेऊन आत गेला. सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. पुढे चौकशी समितीपुढे त्याने मान्य केले की मोटारी आत जाऊ शकल्या असत्या तर बहुधा मशीनगनही चालवल्या असत्या.

छंदी माणूस मोटारीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तपासतो. पेटीत चूक निघाली तर हळहळतो. त्या दिवशी मोटारीची रुंदी आणि गल्लीची रुंदी यांतल्या थोड्याशा फरकाने किती माणसे वाचली, याचा हिशेब मांडता येणार नाही. पण रुंदी म्हणजे काय ते मला आता वर्गात सांगता येते. पोरे वही उघडून बसलेली असतात, मी दोन हात पसरून गल्ली दाखवतो.

खेळण्याचा अर्थ आपण कुठे उभे आहोत यावर ठरतो. मार्च २०२२मध्ये उत्तर प्रदेशातल्या निकालानंतरच्या मिरवणुकांत लोकांनी खेळण्यातले बुलडोझर मिरवले. बुलडोझर हे काही युद्धाचे वाहन नाही, आणि ते खेळणे माझ्याही पुतण्याकडे आहे, पिवळे. तो त्याने अंगणातली वाळू ढकलतो. टीव्हीवरची मिरवणूक पाहून त्याने आनंदाने ओरडून सांगितले, "मेरे पास भी है!" मोठ्यांपैकी कोणी काही बोलले नाही.

मग मी हा छंद सोडला का? नाही. या सुट्टीत जीप पूर्ण केली. फक्त तोफेपाशी बसवायचा माणूस राहिला आहे, आणि त्याचीही एक गोष्ट झाली.

अब्बांचे स्नेही असलेले एक मौलाना मध्यंतरी घरी आले होते. रणगाडे त्यांनी हातात घेऊन, चष्मा वर करून पाहिले. "हात में सफाई है," म्हणाले. मग त्यांची नजर मेजावरच्या बाहुल्यावर गेली. इंचभर उंचीचा, काडीच्या टोकाला चिकटवलेला, खाकी रंग दिलेला. चेहरा अजून कोरा. ते मायेनेच म्हणाले, "बेटा, इसका चेहरा मत बनाना." निर्जीव वस्तूची प्रतिकृती चालते, जिवाची नको, हा नियम मला माहीत आहे आणि त्यामागची भावनाही. हजरत आयेशांच्या बाहुल्यांचा आणि पंखांच्या घोड्याचा दाखला देऊन मी वाद घालू शकलो असतो. घातला नाही. त्यांचे म्हणणे चूक म्हणून नव्हे, तर मला वेगळेच काही तरी टोचले म्हणून. आमच्या घरात रणगाडा बिनहरकत आत आला होता, त्याला कौतुकाची थापही मिळाली. अडला तो माणूस. यात दोष मौलानांचा नाही. मी स्वतः तरी काय केले होते? गंजावर दोन महिने घालवले होते आणि माणूस सगळ्यांत शेवटी ठेवला होता.

या प्रमाणात चेहरा तीन मिलिमीटरचा असतो. डोळे म्हणजे दोन बारीक रेघा, त्याही नीट यायला ब्रशचे दोन-तीन केस सोडून बाकी कापून टाकावे लागतात. मी तसा एक ब्रश तयार केला आहे. बाहुला खडूच्या डबीवर उभा आहे. त्याचा खाकी रंग केव्हाच वाळला आहे. पुढच्या सुट्टीत भाऊ येणार आहे. त्याने फोनवर सांगितले की या वेळी नाणे उडवायचे नाही, तो स्वतः पॅटन घेईल. मी म्हणालो, नको, पॅटन माझ्याकडेच राहू दे.